एक चावी, सात कुलपं

पहिली गोष्ट, संगणकावर प्रोग्राम टाकताना समोर येणारा करार वाचायचा नाही. तो वाचायला दिलेलाच नसतो. खाली 'मान्य आहे'चा चौकोन असतो, त्यावर टिचकी मारून चहाला उठायचं. वाचलात तर कळेल की तुम्ही प्रोग्राम विकत घेतलाच नाही, एका मशीनवर वापरायची परवानगी तेवढी घेतली. भरल्या घरात असलं अभद्र कशाला वाचावं?

आपण इंदूरच्या रामबागेतली माणसं. वाड्यात एका पाट्यावर सात बिऱ्हाडं वाटत. चकलीचा सोऱ्या दिवाळीत घरून निघायचा तो तुळशीच्या लग्नाला परत यायचा, तोही दुसऱ्याच चकतीसकट. तेव्हा सोऱ्या बनवणारा कधी दारात आला का, किती घरांत चकल्या पडल्या विचारायला? यावर एखादा शहाणा म्हणेलच की काका, सोऱ्या शेजारी गेला की तुमच्याकडे नसतो, सीडी शेजारी जाऊनही प्रोग्राम तुमच्याकडेच असतो. अशा माणसाच्या पोह्यांवर जास्तीची शेव घालावी आणि त्याला गप्प करावं. बोरलँड नावाच्या कंपनीने एके काळी टर्बो पास्कल या आपल्या प्रोग्रामच्या करारात नेमकं हेच छापलं होतं: पुस्तकासारखं वागवा, कितीही जणांनी वापरा, या मशीनवरून त्या मशीनवर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालता कामा नये. इतकं सरळ लिहिलं की लोकांना समजतं. ती चाल पुढे का रुळली नाही हे वेगळं सांगायला नको.

प्रोग्राम टाकताना भरायची चावी मात्र जपावी. आमची, विंडोज एक्सपीची, देवघरात, जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर आहे: पाच-पाचचे पाच गट, २५ अक्षरं, बाबांच्या हस्ताक्षरात. वाचताना घोटाळा नको म्हणून मायक्रोसॉफ्टने चावीतून शून्य आणि 'ओ' दोन्ही हद्दपार केले, पण 'बी' आणि 'आठ' राहू दिले. बाबांच्या अक्षरात ही जुळी भावंडं. तरी त्याच चावीवर दादाच्या डीटीपीच्या दुकानातली तीन मशीनं, वरच्या मजल्यावरचं एक, ताईचं, देवासच्या आत्याचं आणि आमचं, अशी सात कुलपं उघडायची होती. २००१ साली एक्सपी आलं ते ॲक्टिव्हेशन, म्हणजे चावी कंपनीकडून मंजूर करून घेणं, सोबत घेऊनच, त्यामुळे पुढे पुढे फोन करावा लागे. फोनवरची बाई विचारी, हे किती संगणकांवर टाकलंय? बरोबर उत्तर 'एक'. दादा प्रामाणिक, त्याने विचारलं, "सध्या की एकूण?"

कायद्याचा बाऊ करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलम ६३-बी आलं. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. 'जाणूनबुजून' या शब्दाकडे लक्ष द्या. करार वाचू नका असं सुरुवातीलाच उगाच म्हटलं नव्हतं. हा बचाव कोर्टात कितपत टिकतो ते ओळखीच्या वकिलाला विचारा. त्याचा संगणकही बहुधा कुणाच्या तरी पंचांगावरच चालतो. शिवाय मूळ प्रत हरवली-बिघडली तर हाताशी असावी म्हणून बॅकअप ठेवायची मुभा कायदाच देतो. आमचा बॅकअप देवासला आहे. आत्या त्यावर रोज पत्ते खेळते.

२०१४ साली एक्सपीचा सपोर्ट संपला आणि नव्या विंडोजला पंचांगाची चावी चालेना. घाबरू नये. मार्केटातला एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन घरी येतो. "भिया, दो मिनिट का काम है." आल्या आल्या तो अँटिव्हायरस बंद करतो. आधी वॉचमनला सुट्टी द्यायला लावणारा पाहुणा सज्जनच असणार, त्याला पाणी विचारा. दोन मिनिटांनंतर सगळं चालू होतं, एक अँटिव्हायरस सोडून.

लिबरऑफिसच्या, म्हणजे पत्रं-हिशेब करायच्या त्या प्रोग्रामच्या, नादी मात्र अजिबात लागू नका. ते फुकट आहे, हव्या तितक्या मशीनवर टाका, दुकानातही वापरा, कुणी काही म्हणत नाही. तेच तर संशयास्पद. "फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणार," दादा म्हणाला. हे तो त्याच उघड्या पडलेल्या मशीनसमोर बसून, लग्नपत्रिकेतलं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' मधोमध घेताना म्हणाला.

परवा माळा आवरताना ती मूळ सीडी सापडली. सकाळी कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं ऐकून आई सीडी घेऊन खाली उतरली आणि गाडी थांबवून भांडत बसली: ही प्लास्टिकच्या डब्यात की ई-कचऱ्याच्या? मागे पाच गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आई हलेना. इंदूरात सहा डबे आहेत ते काय उगाच?