९२ टक्क्यांनंतर आणखी काय हवं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

इराकच्या उत्तरेतल्या स्वायत्त कुर्दिस्तानने इराकपासून वेगळं होण्यासाठी २०१७ मध्ये सार्वमत घेतलं. त्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: ‘पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याची टिंगल करणं सोपं असतं. ९२ टक्के लोक हो म्हणाले, आणखी काय हवं? बगदादच्या अन्यायाबद्दल मात्र तुम्ही गप्प. आणि गोव्यातही कौल घेतलाच होता की!’

टिंगल नेमक्या कुठल्या वाक्यात आहे, ते दाखवा. मतभेद खुशाल असावेत, पण लेख सोडून लेखकाच्या पंख्याची झडती कशाला? निवडणूक कायदा शिकवण्यात हयात गेली माझी. ‘आणखी काय हवं’ हे मला कुणी दरडावून विचारायची गरज नाही. बगदादने, म्हणजे इराकच्या केंद्र सरकारने, २०१४ पासून कुर्दिस्तानचा बजेटमधला वाटा अडवला, हे मी एका ओळीत उरकलं, एवढं मान्य.

आता आणखी काय हवं ते ऐका. ज्याच्यापासून फुटायचं, त्याची सही हवी, आणि तीही मतदानाआधी. दक्षिण सुदानचं सार्वमत २००५ च्या शांतता करारातच लिहिलेलं होतं आणि त्या करारावर खार्तुमची, म्हणजे सुदान सरकारची, सही होती. २००९ च्या कायद्यात अट होती की नोंदणी झालेल्यांपैकी ६० टक्के लोकांनी मत दिलं तरच निकाल धरायचा. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर चित्रं होती: एकतेला हातात हात, वेगळं होण्याला एकच उघडा पंजा. जानेवारी २०११ मध्ये आठवडाभर मतदान चाललं आणि ९८.८३ टक्के लोकांनी वेगळं व्हायचं ठरवलं. सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर यांनी तो निकाल स्वीकारला. ९ जुलैला देश झाला, १४ जुलैला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली.

एर्बिलकडे, म्हणजे कुर्दिस्तानच्या सरकारकडे, यातलं काय होतं? इराकच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१७ ला स्थगिती दिली, तरी २५ तारखेला मतदान झालंच. संयुक्त राष्ट्रांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. खरी गोम प्रश्नातच होती. कुर्दिस्तान प्रदेश ‘आणि प्रदेशाच्या प्रशासनाबाहेरचे कुर्दिस्तानी भाग’ स्वतंत्र व्हावेत का, असं एका दमात विचारलं. त्या दुसऱ्या तुकड्यात किर्कुक येतं, तिथलं तेल येतं. किर्कुकचा निकाल इराकी घटनेच्या कलम १४० प्रमाणे जनगणना आणि वेगळं सार्वमत घेऊन २००७ अखेर लागायचा होता. तो लागलाच नाही. हद्दच वादात असताना टक्केवारी नेमकी कोणत्या भूमीची मोजायची? २९ सप्टेंबरला एर्बिल आणि सुलेमानियाची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, १६ ऑक्टोबरला किर्कुक इराकी फौजेच्या हातात गेलं.

उलट माँटेनेग्रो पाहा. २००६ मध्ये तिथे सर्बियापासून वेगळं व्हायला होकार जेमतेम ५५.५ टक्के होता. पण युरोपीय संघाने घातलेली ५५ टक्क्यांची अट दोन्ही बाजूंनी मतदानाआधी मान्य केली होती, म्हणून सर्बियानेही महिन्याभरात मान्यता दिली. तुमचे ९२ टक्के कुठे आणि हे साडेपंचावन्न कुठे!

राहिला गोवा. तिथे प्रश्न स्वतंत्र देशाचा नव्हताच. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढंच विचारलं होतं; मतपत्रिकेवरची चिन्हं: फूल की दोन पानं. आणि १६ जानेवारी १९६७ च्या त्या कौलासाठी संसदेने १९६६ मध्येच कायदा केला होता. म्हणजे उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. आभार.