५० हजारांत व्हिएतनाम? जरा थांबा
एका लेखात आठ दिवसांची व्हिएतनामची सहल ५० हजारांत बसवलीय, पण ई-व्हिसाचे २५ डॉलर आणि कळव्याहून विमानतळापर्यंतची रात्रीची टॅक्सी त्या हिशेबात कुठे दिसली नाही. आम्ही दोघी मैत्रिणी मार्चमध्ये जाऊन आलो. हॉस्टेल, खाणंपिणं स्वस्तच. खिसा कापला तो कार्डाने. एटीएममधून थोडे थोडे काढत बसलो, दर वेळी तिकडच्या बँकेचं शुल्क, वर इकडच्या बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनावरचा जादा आकार! काय ते एकदाच काढा. आणि नोटा नीट बघा हं. २० हजार आणि ५ लाख डोंग, दोन्ही निळ्याच. फोच्या, म्हणजे तिकडच्या नूडल सूपच्या, गाडीवर मी २० हजार समजून ५ लाखांची पुढे केली. मावशींनी हसत परत दिली. तेव्हापासून मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात, सॅकच्या तळाशी.