गंगावन लावून केस वाढत नसतात

‘आफ्रिकन बायकांच्या लांब केसांचं रहस्य’ म्हणून एक संदेश फिरतोय: बारीक वेण्या घाला, जितक्या घट्ट तितक्या चांगल्या, तीन महिने डोक्याला पाणी लावू नका, केस भराभर वाढतील. यातला एकेक दावा बघू.

आधी वाढीचं. केस वाढतो तो टाळूतल्या मुळातून, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. आफ्रिकी वंशाच्या दाट कुरळ्या केसांत त्याहून थोडा कमीच. वेणीने त्यात काही फरक पडत नाही. मग केस लांब झाल्यासारखे का वाटतात? अशा केसाला जिथे जिथे वळण असतं, तिथे तिथे तो नाजूक असतो. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून तो कोरडा पडतो आणि रोज कंगवा फिरला की तुटतो. वेणीत तो सहा-आठ आठवडे झाकलेला राहतो, कमी तुटतो. म्हणजे जे वाढतं ते टिकतं, एवढंच. (फोटोतल्या कमरेपर्यंतच्या वेण्यांत बहुतेकदा गंगावन गुंफलेलं असतं, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.)

‘जितक्या घट्ट तितक्या चांगल्या’ हे मात्र निव्वळ घातक. सतत ओढ बसून केस जातात, हे ग्रीनलंडमधल्या बायकांच्या घट्ट बांधलेल्या केसांवरून 1907 मध्येच नोंदलं गेलंय. आधी कपाळाकडचे आणि कानशिलांवरचे केस विरळ होतात, मुळाशी पुटकुळ्या येतात. वेळीच सैल केलं तर ते परत येतात. वर्षानुवर्षं ओढ बसली तर मूळच मरतं. जड गंगावन, घट्ट अंबाडा, रोजची ताणून बांधलेली पोनी, सगळ्यांना हेच लागू. वेणी घालताना डोळ्यांत पाणी आलं तर ती तिथेच सोडवायला सांगा.

पाण्याचं म्हणाल तर वेण्या असल्या तरी टाळूला घाम येतोच, कोंडाही होतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पातळ केलेला शाम्पू भांगाभांगांतून बोटांच्या पेरांनी चोळायचा, खळखळून धुवायचं आणि वेण्या आतपर्यंत वाळवायच्या. ओलसर राहिल्या तर कुबट वास मारतात.

शेवटचा दावा उलट बाजूचा, त्याच संदेशाखालच्या एका घाबरलेल्या बाईंचा: ‘वेण्या सोडल्या तर मूठभर केस हातात आले!’ येणारच. रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात. वेणीतले गळून खाली पडत नाहीत, आतच अडकतात. सहा आठवड्यांचे मोजा, दोन ते चार हजार होतात.