‘आधी मोटर बदला’ म्हणणाऱ्या मेसेजला नागपुरातून उत्तर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोल, कारवाल्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरू लागतो. यंदाही आला. पहिल्यांदा रिमोट कार घेणाऱ्यांसाठी तो सल्ला आहे आणि मजकूर थोडक्यात असा: सुट्या भागांचं किट महाग पडतं, जोडायला वेळ जातो, म्हणून रेडीमेड घ्या. आल्या आल्या मोटर काढून ब्रशलेस बसवा, ती तापत नाही. दोन सेलऐवजी तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लावा, वेग दीडपट. चाकं धरणारे प्लास्टिकचे आर्म फेका, अ‍ॅल्युमिनियमचे लावा, गाडी तुटणार नाही. पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं गिअर, मोठं करा, वेग फुकटात. बेअरिंग टाका. आणि शेवटी आगीचे तीन इमोजी. आपला मे महिना आणि लिथियम बॅटरी एकत्र धरले, तर मेसेजमधला सर्वात प्रामाणिक भाग तोच म्हणावा लागेल.

लिहिणाऱ्याला गाड्यांतलं काही कळत नाही, असं मी म्हणणार नाही. एकेक वाक्य सुटं घेतलं तर बहुतेकांत थोडं तथ्य सापडतं. पण ज्याने अजून एकही आर्म तोडलेला नाही अशा माणसाला हे सगळं एकदम करायला लावलं, तर गाडीचा एक भाग जोरदार होतो आणि त्याच्या शेजारचा भाग मोडतो. मग तो बदलायचा, मग त्याच्या शेजारचा.

मोटरपासूनच बघू. ब्रशलेसमध्ये फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ब्रशचं घर्षण नसतं, ठिणगी नसते, तीच बॅटरी जास्त वेळ पुरते. इथवर मेसेज बरोबर. ‘तापत नाही’ मात्र साफ चूक. तांब्याच्या वेढ्यांतून करंट गेला की उष्णता होणारच, आणि ती करंटच्या वर्गाने वाढते: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, नियोडिमियमचं चुंबक असतं. त्याच्या साध्या प्रतीची मर्यादा साधारण ८० अंश सेल्सियस. त्यापुढे चुंबकाचा जोर घटतो आणि मोटर गार झाल्यावरही तो सगळा परत येत नाही. डिसेंबरात २५ अंशांच्या दुपारी मोटरला ५५ अंश तापायची मुभा असते. मेमध्ये पारा ४५ वर असताना तीच मुभा ३५ उरते. थंड हवेच्या गावातल्या कुणी व्हिडिओत दाखवलेलं गिअरिंग इथे जसंच्या तसं का चालत नाही, ते या वजाबाकीत आहे.

त्याहून मोठी गोम आहे बोर्डात, आणि मेसेज त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. स्वस्त चिनी रेडीमेड गाड्यांत रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी बहुतेकदा एकाच बोर्डावर असतात. ब्रशच्या मोटरला दोन वायरी, ब्रशलेसला तीन. म्हणजे जुना ईएससी कामाचा नाही. तो काढला की त्याच्यासोबत रिसीव्हर जातो. रिसीव्हर गेला की डब्यात आलेला रिमोटही निरुपयोगी, कारण २.४ गिगाहर्ट्झवर चालत असले तरी प्रत्येक कंपनीचे रिमोट आपापल्या रिसीव्हरशीच बोलतात. काही गाड्यांत स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, सुद्धा पाच वायरींचा असतो, त्याचं सर्किट त्याच बोर्डावर. मग सर्व्होही नवा. ‘मोटर बदला’ या दोन शब्दांचं बिल मोटर, ईएससी, रिसीव्हर, रिमोट आणि सर्व्हो असं बनतं. शिवाय मोटरचा जोर चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचे दाते जुन्या मोटरच्या जोराचेच असतात. ते किती दिवस टिकतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

नव्या माणसाने आलेली मोटर मरेपर्यंत चालवावी. ब्रश झिजतील, जोर कमी होईल, तोवर हाताला थ्रॉटल हळू दाबायची सवय लागेल. खर्च करायचाच असेल तर तो चांगल्या सर्व्होवर करावा. चाकं सांगितलेल्या दिशेला वळली की गाडी वेगळीच वाटते, आणि भिंतीवर कमी आदळते.

तीन सेलच्या लिपोचं प्रकरण जास्त गंभीर आहे. दोन सेलचं नाममात्र व्होल्टेज ७.४, तीनचं ११.१. वेग दीडपट हे गणित ढोबळमानाने खरं. पण आदळताना हिशोब वेगाच्या वर्गाने होतो. दीड किलोची गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात सुमारे ५२ ज्यूल ऊर्जा असते. ताशी ४५ ला ती ११७ होते. सव्वादोनपट. संध्याकाळी फुटाळा तलावावर लहान लेकरांच्या घोट्याच्या उंचीवरून धावणाऱ्या वस्तूबद्दल आपण बोलतोय. आणि नवा माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे गाडी आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होणं. ती चूक ताशी २० ला झाली तर हसू येतं.

तीन सेल लावण्याआधी ईएससीवरचं लेबल वाचायचं असतं. त्यावर २एस, म्हणजे दोन सेल, लिहिलं असेल तर ११.१ व्होल्टने तो जळू शकतो, आणि तिथे वॉरंटी वगैरे काही नसते. त्याच्या जोडीला कटऑफ बघावा, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की ईएससी मोटर थांबवतो का ते. लिपोचा सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि ३ च्या खाली गेला की कायमचा खराब होतो. निकेल मेटल हायड्राइडच्या काळातल्या काही ईएससींना हा कटऑफच नसतो. ते बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकतात. अशा गाडीत दोन सेलची लिपोही व्होल्टेजचा अलार्म लावल्याशिवाय वापरू नये.

बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात असू द्या: नागपूरच्या उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत लिपो ठेवायची नाही. बाहेर ४५ असेल तेव्हा डिक्कीत त्याहून बरंच जास्त असतं. आठ-पंधरा दिवस गाडी चालवायची नसेल तर चार्जर स्टोरेज मोडवर टाकून सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. चार्जिंग बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरणारी वायर) लावूनच, फरशीवर, माणूस समोर असताना. मैदानावरून आलेली गरम बॅटरी निवेपर्यंत चार्जरला लावायची नाही. आणि फुगलेली असेल तर ‘अजून एक राउंड मारू बे’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकायचं नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं आकर्षण मी समजू शकतो. निळे-जांभळे चकचकीत आर्म दिसतात छान. पण प्लास्टिकचे आर्म कंपनीने फक्त पैसे वाचवायला दिलेले नाहीत. चाक डिव्हायडरच्या कडेला बसलं की नायलॉनसारखं प्लास्टिक वाकतं आणि सरळ होतं. फारच झालं तर तुटतं, आणि सगळा धक्का त्या एका स्वस्त तुकड्यावर संपतो. अ‍ॅल्युमिनियम वाकलं की वाकडंच राहतं, चाकाचा अँगल बिघडतो. नाही वाकलं तर आणखी वाईट, कारण धक्का पिनेतून पुढे जाऊन आर्म जिथे बसतात ते बल्कहेड किंवा थेट चॅसिस फोडतो. आर्म बदलायला चार स्क्रू लागतात. चॅसिस बदलायला अख्खी गाडी खोलावी लागते. त्यापेक्षा प्लास्टिकच्याच आर्मची एक जास्तीची जोडी पेटीत असू द्यावी. धातूला जागा आहे, पण ती वेगळी. टामिया या जपानी कंपनीच्या टीटी-०२ या चॅसिसवर मोटर माउंट (मोटर बसते तो तुकडा) अ‍ॅल्युमिनियमचं करणं इथल्या हवेत शहाणपणाचं आहे, कारण ते मोटरची उष्णता ओढून घेतं.

आता किट. टामियाने आपली पहिली आरसी गाडी, पोर्शे ९३४, १९७६ साली काढली ती जोडायच्या किटच्या रूपातच, आणि या छंदाची एक मोठी शाखा त्या परंपरेतून वाढली. किट महाग पडतं हे कबूल. आयात खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. पण रेडीमेड गाडी काय बुटीबोरीत बनते? तीही त्याच बंदरातून येते. आणि जोडण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. डिफरन्शियलमध्ये ग्रीस स्वतः भरलेल्या माणसाला मागून कर्रर्र आवाज आला की कुठला गिअर बोलतोय ते कळतं. रेडीमेडवाला ग्रुपवर व्हिडिओ टाकून उत्तराची वाट बघतो. एकच सावधगिरी: टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. घरातला साधा फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही, डोकी झिजवतो. पेचकस आधी घ्या, किट नंतर.

कोणतं किट, हे मेसेजमध्ये नाहीच. आपल्याकडे गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते आणि कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक). रस्त्यावरची टूरिंग कार जमिनीला जेमतेम काही मिलिमीटर सोडून चालते. गट्टूंवर ती उड्या मारते आणि सिमेंट तिचे मऊ टायर खाऊन टाकतं. पहिली गाडी बग्गी, म्हणजे जमिनीपासून उंच आणि खडबडीत जागेची, असलेली बरी.

पिनियनबद्दल दोनच गोष्टी. टीटी-०२ ला २२ दात्यांचं पिनियन आणि ७० दात्यांचा स्पर (पिनियन फिरवतं ते मोठं गिअर) येतो, एकूण गुणोत्तर ८.२७, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या तेवढ्या फेऱ्या. पिनियन २५ केलं की ते ७.२८ होतं, वेग १३-१४ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढाच भार मोटरवर चढतो, म्हणजे परत ती उष्णता. दुसरं, या गाडीचे दाते ०.६ मॉड्यूल या मापाचे आहेत. ऑनलाइन सहज मिळणारं ४८ पिच या वेगळ्या मापाचं पिनियन दिसायला सारखंच असतं, पण त्यावर बसवलं तर स्परचे दाते खरवडून काढतं.

राहिलं बेअरिंग. हा सल्ला खरा आहे, आणि मेसेजमध्ये तो सगळ्यात शेवटी का, हे मला कळलेलं नाही. बऱ्याच टामिया किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश (साध्या कड्या) येतात. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती बुशात शिरली की अ‍ॅक्सल घासून झिजतो. म्हणून किट जोडतानाच बेअरिंग घालावेत, नंतर सगळं परत उघडावं लागतं. टीटी-०२च्या चाकांच्या अ‍ॅक्सलवरच्या बेअरिंगचं माप ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर, बेअरिंगच्या भाषेत एमआर११५. मागवताना झेडझेड नको, टूआरएस सांगा. झेडझेडला पत्र्याचं झाकण असतं आणि त्याच्या फटीतून धूळ आत जाते. टूआरएसला रबरी सील असतं. सील थोडं घासतं, त्यामुळे चाक बोटाने फिरवून पाहिलं तर ते जरा लवकर थांबतं. ते तसंच असू द्या, सील काढू नका.