‘बहुतेक संशोधन खोटं, म्हणून गोळ्या बंद करा’ : एका फॉरवर्डला उत्तर

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: २००५मध्ये एका शास्त्रज्ञानेच सिद्ध केलं की छापून येणारं बहुतेक संशोधन खोटं असतं. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या पाहणीत सत्तर टक्के संशोधन पुन्हा करून पाहिल्यावर फसलं. रसायनशास्त्रात तर आणखी वाईट. २०२३मधला साध्या तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर (विजेला शून्य अडथळा करणारा पदार्थ) महिन्याच्या आत खोटा ठरला. वर्षाला दहा हजार शोधनिबंध मागे घ्यावे लागतात. शेअर बाजारावरच्या संशोधनाची तीच गत. आणि शेवटी, जाड अक्षरांत: ‘कोलेस्टेरॉल, बीपी, थायरॉइडच्या गोळ्या याच संशोधनावर उभ्या आहेत. महिनाभर बंद करून बघा, काहीही होत नाही.’

पहिले सहा मुद्दे वाचून सोडून दिले असते. सातवा वाचून माझ्या मावशीने गोळ्यांची डबी कपाटात टाकली, म्हणून हे लिहितोय. सुरुवातही सातव्यापासूनच करतो.

‘महिनाभर बंद करून बघा’

या फॉरवर्डमधलं हे सगळ्यात घातक वाक्य, कारण करून पाहणाऱ्याला ते बरेचदा पटतं. थायरॉइडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. शरीरातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे गोळी सोडल्यावर आठवड्याने अर्धं औषध शिल्लक असतं, दोन आठवड्यांनी पाव. एवढे दिवस माणूस जुन्या साठ्यावर ठणठणीत असतो आणि ‘बघा, काही झालं नाही’ असं गावभर सांगून मोकळा होतो. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावरची सूज हे पुढच्या आठवड्यांत इतकं हळू येतं की दोष वयाला दिला जातो. डोस बदलल्यावर टीएसएचची, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची, तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायला सांगतात तीही याचसाठी. त्याआधीचा आकडा काही सांगतच नाही.

कोलेस्टेरॉलचं तर आणखी फसवं आहे, कारण ते वाढलेलं जाणवतच नाही. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, बंद केल्यावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काही आठवड्यांत मूळ पातळीवर येतं आणि माणसाला कळतही नाही. ‘महिन्यात काही झालं नाही’ हे खरंच आहे. पण गोळी महिन्याभरासाठी दिली होती कुणी? १९९४ची स्कँडिनेव्हियातली सिम्व्हास्टॅटिनची चाचणी बघा: ४,४४४ हृदयरुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी, सुमारे साडेपाच वर्षं नजर. औषधाविना गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू, औषध घेणाऱ्यांत १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा हा फरक कुणाही एकाला स्वतःच्या एका महिन्यात दिसणं शक्य नाही. म्हणून तर हजारो माणसं आणि पाच वर्षं लागतात.

‘पण स्टॅटिनने पाय दुखतात त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधणारी चाचणी झालेली आहे. नाव सॅमसन, साल २०२०. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बाटल्या: चारांत स्टॅटिन, चारांत औषधाविना गोळ्या, चार रिकाम्या. क्रम मिसळलेला. रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८ गुण, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. त्रास खोटा नव्हता, होतच होता. पण त्यातला नव्वद टक्के गोळी गिळण्याने होत होता, गोळीतल्या औषधाने नव्हे. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. स्नायूंना खरीखुरी इजा होणं विरळा आहे, पण होते. एकदम आलेला तीव्र अशक्तपणा, स्नायूंत तीव्र वेदना आणि गडद तपकिरी लघवी दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

बीपीच्या गोळ्या सगळ्या एकाच माळेत ओवणं ही तर शुद्ध बेजबाबदारी. ॲम्लोडिपिन शरीरातून सावकाश उतरतं, प्रमाण निम्मं व्हायलाच तीस ते पन्नास तास. त्यामुळे बीपी काही दिवसांत हळूहळू चढतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकरचं तसं नाही. अनेक दिवस दाबून ठेवलेलं हृदय ॲड्रेनालिनला जास्त संवेदनशील झालेलं असतं. गोळी एकदम सोडली की धडधड, छातीत दुखणं, आधीच हृदयविकार असेल तर हार्ट ॲटॅकसुद्धा. म्हणून डोस एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. क्लोनिडिन ही बीपीचीच गोळी सोडल्यावर तर एक-दोन दिवसांत बीपी उसळतं. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स परस्पर बंद करणं म्हणजे थेट जिवाशी खेळ.

गोळ्या कमी करायच्याच असतील तर तो विषय डॉक्टरांकडे जरूर काढावा. वयस्कर माणसांच्या यादीत एखादी अनावश्यक गोळी राहून गेलेली असते, हे खोटं नाही. जाताना घरचं बीपी लिहून न्यायचं: सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. एका वेळी एकच गोळी बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

२००५चा निबंध

जॉन इओआनिडिस यांचा ‘प्लॉस मेडिसिन’मधला हा निबंध. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शीर्षकापुढे वाचलेला दिसत नाही. निबंधातलं गणित साधं आहे. समजा हजार कल्पना तपासल्या, त्यांतल्या शंभर खरोखर बरोबर. चाचणी चांगली मोठी असेल तर शंभरपैकी ८० पकडेल. उरलेल्या नऊशेंपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, निव्वळ योगायोगाने ‘बरोबर’ दिसतील. १२५ ‘शोधां’पैकी ४५ खोटे. आता चाचणी लहान करा, शंभरपैकी वीसच पकडणारी: २० खरे, ४५ खोटे. इथे ‘बहुतेक खोटं’ लागू होतं.

त्याच निबंधातला चौथा तक्ता कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात संशोधनाच्या प्रकारानुसार खरेपणाची शक्यता दिली आहे. हजारो घटक एकदम चाळून काहीतरी सापडलं म्हणणाऱ्या संशोधनाला हजारात एखादाच. पुरेशी मोठी, नीट चालवलेली, यादृच्छिक वाटणीची (कुणाला औषध, कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारी) चाचणी, जिच्यात सुरुवातीला शक्यता निम्मी-निम्मी होती, तिला ८५ टक्के. स्टॅटिन आणि बीपीच्या औषधांमागे या दुसऱ्या जातीच्या चाचण्या आहेत, त्याही एक नाही, ढिगाने. म्हणजे ज्या निबंधाच्या जोरावर गोळ्या फेकायला सांगितलंय, तोच निबंध त्या गोळ्यांच्या बाजूने उभा आहे.

योगायोग किती निर्लज्ज असतो हे बघायचं तर १९८८ची आयसिस-२ चाचणी: १७,१८७ हार्ट ॲटॅकचे रुग्ण, ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्ट घटले. रुग्णांचे लहान-लहान गट पाडून दाखवा असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशीनुसारही गट पाडले. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक निघालं! ‘अमुक वयाच्या, अमुक रक्तगटाच्या लोकांना हे औषध चालत नाही’ छापाच्या बातम्या बहुतेक याच वाणाच्या.

‘सत्तर टक्के फसलं’

नाही. २०१६च्या त्या पाहणीत १,५७६ संशोधकांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली. प्रश्न होता: दुसऱ्याचा प्रयोग तुम्हाला कधी जमला नाही असं झालंय का? सत्तर टक्क्यांहून जास्त जण ‘हो’ म्हणाले. दहातल्या सात ड्रायव्हरांची गाडी कधी ना कधी बंद पडली, यावरून रस्त्यावरच्या सत्तर टक्के गाड्या बंद आहेत असं कुणी म्हणेल का? त्याच पाहणीत ७३ टक्के लोकांनी आपल्या विषयातले निदान निम्मे निबंध विश्वासार्ह मानले, आणि त्यात रसायन व भौतिकशास्त्रवाले पुढे होते.

रसायनशास्त्र

इथे प्रयोग फसतात, भरपूर फसतात. ब्यूटिल लिथियम या हवेने बिघडणाऱ्या रसायनाच्या बाटलीवर २.५ मोलर अशी तीव्रता छापलेली असते. बाटली चार वेळा उघडली की ती तेवढी राहत नाही, आणि टायट्रेशन न करता, म्हणजे तीव्रता मोजून न घेता, वापरणाऱ्याचं उत्पादन घटतं. द्रावकात जरा ओल राहिली, ढवळणी मंद पडली, तरी तेच.

जास्त बोलकं उदाहरण धातूंच्या अंशाचं. सुझुकी जोडणीला, म्हणजे दोन कार्बनी तुकडे जोडणाऱ्या अभिक्रियेला, पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक (अभिक्रिया घडवून आणणारा) म्हणून लागतो. २००३मध्ये एका गटाने धातू न घालता, पाण्यात, मायक्रोवेव्हच्या उष्णतेवर ती होते असं दाखवलं. २००५मध्ये त्याच गटाने खुलासा केला: वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग पॅलेडियम होतं. ग्रॅमभर सोड्यात ५० नॅनोग्रॅम, आणि तेवढं पुरलं! प्रयोग खरा, पदार्थ खरा, स्पष्टीकरण चुकीचं. दुसऱ्या प्रयोगशाळेने जास्त शुद्ध सोडा वापरला की प्रयोग ‘फसणार’, आणि त्यात कुणीही खोटं बोललेलं नसणार. तरी २०२१मध्ये तसाच दावा पुन्हा एका नावाजलेल्या पत्रिकेत आला आणि उत्प्रेरक बनवताना आत राहिलेलं पॅलेडियम सापडल्यावर मागे घेतला गेला. ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ हे नियतकालिक १९२१पासून प्रत्येक कृती छापण्याआधी संपादकाच्या प्रयोगशाळेत करून बघतं, ते उगाच नाही.

तो सुपरकंडक्टर

एलके-९९चे निबंध २२ जुलै २०२३ला कोरियातून आले ते अर्काइव्ह या संकेतस्थळावर, म्हणजे परीक्षणाआधीच. ‘छापून आलेलं संशोधन’ म्हणून ते मोजणंच चूक. कृती मात्र उघड दिलेली होती: लॅनार्काइट (शिसं, गंधक आणि प्राणवायूचं संयुग) ७२५ अंशांवर २४ तास, कॉपर फॉस्फाइड ५५० अंशांवर ४८ तास, मग दोन्ही दळून, निर्वात नळीत बंद करून ९२५ अंशांवर ५ ते २० तास. ती वाचून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभर लोकांनी भट्ट्या पेटवल्या. मेख त्याच कृतीत होती. लॅनार्काइटमधलं गंधक तांब्याशी जुळून कॉपर सल्फाइड होतं, आणि ते १०४ अंश सेल्सियसच्या आसपास रचना बदलतं, तेव्हा थंड होताना त्याचा विद्युतरोध झपकन घसरतो. निबंधातली नाट्यमय घट नेमकी त्याच तापमानाला होती. स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाविना शुद्ध स्फटिक वाढवला, तर तो पारदर्शक, जांभळट आणि चक्क विद्युतरोधक निघाला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय संपला. चूक इतक्या लवकर पकडली गेली, यात विज्ञान बोगस असल्याचा पुरावा कुठे आहे, ते मला शोधून सापडलं नाही.

दहा हजार निबंध मागे

इथे मात्र फॉरवर्डला थोडं द्यावं लागतं. २०२३मध्ये दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले, हे खरं आहे. त्यांतले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे, मुख्यतः पाहुण्या संपादकांच्या ‘विशेषांकां’तले, जिथे निबंध विकणाऱ्या कारखान्यांनी घुसखोरी केली होती. एकूण निबंधांशी ताडलं तर प्रमाण हजारात दोनच्या आसपास. पकडले न गेलेले अर्थातच याहून जास्त.

आणखी एक कबूल करतो, नाइलाजाने. कर्करोगावरचं पेशी आणि उंदरांवरचं संशोधन खरोखर कमकुवत आहे. २०२१मध्ये पूर्ण झालेल्या एका मोठ्या फेरतपासणीत ५३ निबंधांतले १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरले होते. जमले ५०. बाकीच्यांचा तपशील, साहित्य किंवा उत्तरच मिळालं नाही. जे झाले त्यांत परिणामाचा आकार मूळच्या तुलनेत मध्यकाने (ओळीने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने) ८५ टक्क्यांनी लहान. तेव्हा ‘उंदरांत गाठ विरघळली’ ही बातमी खुशाल दुर्लक्षावी. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचायला तिला अजून बरीच गाळणी पार करायची असतात.

शेअर बाजार

मॅकलीन आणि पोंटिफ या संशोधकांनी २०१६मध्ये शेअरच्या परताव्याचे अंदाज देणारे ९७ निकष तपासले. मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर परतावा २६ टक्क्यांनी कमी, आणि निबंध छापून आल्यानंतर ५८ टक्क्यांनी. पहिला आकडा आकडेमोडीतल्या योगायोगाचा, तोही जास्तीत जास्त. त्यावरची जास्तीची घट झाली ती निबंध वाचून लोक तेच शेअर घ्यायला धावले म्हणून. बाजारात निष्कर्ष खरा असूनही छापल्यावर विरतो. सिम्व्हास्टॅटिन यकृतातलं जे एन्झाइम अडवतं, त्याला १९९४चा निबंध छापून आल्याची काही खबर नाही.