ऊन खायला चला दुबईला

डिसेंबर लागला की रत्नागिरीच्या माणसाला कुठेतरी उबेला जावंसं वाटणारच. दुपारी पारा तिशीच्या पुढे, अंगणातले कपडे तासाभरात कडक, भाट्याच्या वाळूवर अनवाणी चाललं तर तळपाय भाजतात. असल्या कडाक्यात माणसाने दिवस काढायचे तरी किती? तेव्हा नाताळच्या सुट्टीत चार दिवस दुबई करून या. ऊन आहे, समुद्र आहे, वाळू आहे. आपल्याकडे ह्यातलं काय आहे सांगा.

ही कल्पना मूळची लंडनकडच्या लोकांची. तिकडे डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि जानेवारीत कमाल तापमान 8 अंशांच्या आसपास घुटमळतं. ते बिचारे उबेला दुबई गाठतात. त्यांना परवडतं, मग आपल्याला का नको? तापमानाचे आकडे मात्र तिकीट काढायच्या आधी बघू नका, उगाच मन खट्टू होतं. जानेवारीत दुबईचं कमाल तापमान सरासरी 24 अंश, पहाटे 14-15. ती आहे 25 अक्षांशावर, आपण 17 वर. शिवाय थंडीत तिकडे वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटतो. समुद्राचं पाणी 22-23 अंशांवर येतं. आपलं पाणी तेव्हा 27 च्या घरात, पण त्यात पाय बुडवायला कोण जातो? पुण्याची माणसं. आपण समुद्र बघतो तो मासळी घ्यायला गेलो की, आणि तेव्हाही त्याच्याकडे पाठ करून भाव करत असतो.

आंब्याची बाग असेल तर तारखा नीट निवडा. ऐन मोहोराचे दिवस उत्तम. महिनाभर तुम्ही कट्ट्यावर बसून “यंदा थंडीच नाही हो, मोहोर फुटायचा कसा” म्हणून कपाळाला हात लावलेला असतो. त्याच कट्ट्यावर आता दुबईच्या उबेला निघाल्याचं जाहीर करायचं. कोणी हसलं तर कलमं नसलेला माणूस समजून सोडून द्या. फवारणीची चिंता नको. तुडतुडे तुम्ही असलात तरी येतात, नसलात तरी येतात. बागेत राखणीला नेपाळी आहेच. त्याच्या गावी आता हाडं गोठत असतील, आणि तो इथे उघड्या अंगाने पंप पाठीवर घेऊन कलमांखालून फिरतोय. समुद्रकिनारी ऊबदार हिवाळा, वर पगार. पण ह्या बाबतीत त्याचा सल्ला घ्यायचा नसतो.

आता प्रवास. मुंबई ते दुबई विमानाला तीन तास लागतात. उरलेला प्रवास म्हणजे रत्नागिरी ते मुंबई. रत्नागिरीला विमानतळ आहे, तो तटरक्षक दलाचा. आपण खालून विमान बघायचं. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तिथून मुंबईचं विमान सध्या आहे का ते निघायच्या आधी विचारा, आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारा. मुंबई-गोवा महामार्गाने जाणार असाल तर घरून देवाला नारळ ठेवून निघा. चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चाललंय. ते सुरू झालं तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आता त्याच रस्त्याने कॉलेजात जातात. कोकण रेल्वे सगळ्यात बरी. जाताना जागा मिळेल, कारण नाताळात सगळी मुंबई इकडे येत असते. परतताना मात्र तीच गर्दी तुमच्या डब्यात असेल. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि चहा गाळून होईपर्यंत संपतं.

सामानाचं सर्वांत महत्त्वाचं. शारजात तुमचा भाचा असणारच. रत्नागिरीत ज्याचं कोणी आखातात नाही असं घर शोधावं लागेल. वहिनी त्याच्यासाठी डबा देतील. कापडात बांधलेला, वर सुतळी, आत अनारसे. ते अनारसे प्रेमाने घरीच ठेवा. अनारशाला खसखस लागते आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. तिथल्या अधिकाऱ्याला “साहेब, ही फक्त वरून लावलीय” हे कुठल्या भाषेत सांगणार आहात? खसखस लावलेल्या करंज्याही नकोत. सुकं खोबरंही राहू द्या. त्यात तेल फार, लवकर पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही. खसखस गेली, खोबरं गेलं, आता वहिनींना डब्यात काय भरावं ते सुचणार नाही आणि त्या तुमच्याशी बोलणार नाहीत. आमसुलं न्या. आणि एक स्वेटर. तो हातातल्या पिशवीत तळाशी, कोणाला दिसणार नाही असा.

तिथे पोचलात की पाम जुमेरा जरूर बघा. समुद्राच्या तळातली वाळू उपसून त्यांनी भर पाण्यात झाडाच्या आकाराची जमीन उभी केली. आपल्याकडे मिऱ्याला समुद्र दर पावसाळ्यात जमीन खातो आणि आपण बंधाऱ्यावर दगड टाकत बसतो. हा फरक भाच्याला समजावून सांगा, त्याला रोज कामावर जाताना ते दिसतंच. मग किनाऱ्यावर भाड्याची आरामखुर्ची घ्या. खुर्चीचं भाडं रुपयांत मोजू नका, सुरमईवर जाईल. फोटो काढताना दात वाजत असतील तर तोंड मिटून हसा.

हौशी वाचक विचारतील की मग थंडीत इकडे कोण राहतं? कासवं. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या ह्याच दिवसांत अंडी घालायला गुहागर, वेळासच्या वाळूवर येतात. त्यांना व्हिसा मिळत नसावा.

तिकिटाच्या पैशांची सोयही सांगून ठेवतो. परड्याकडची खोली त्या चार दिवसांसाठी पुण्याच्या पाहुण्यांना द्या. ‘समुद्रकिनारी घरगुती निवास, उबदार हवा’ एवढंच लिहा, भाव ते स्वतःच चढवतात. आरे-वारेच्या किनाऱ्याला कसं जायचं ते विचारतील. तुम्ही कधी गेला नसलात तरी गुगलवर बघून सांगा. एक अडचण आहे. दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, तेव्हा पाहुणे तक्रार लिहूनच पाठवतील: फार उकडतंय, पंखा पुरत नाही, एसी लावून द्या, नाहीतर पैसे परत करा. एसीचे जादा पैसे सांगा. तुम्ही स्वेटर घालून बसला आहात हे कळवू नका.