टाळ्या तळीरामाला, गीता कुणाला आठवते?

यंदा जत्रेत गडकऱ्यांचे 'एकच प्याला' बसवायचे, असे मास्तरांनी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर जाहीर केले आणि वाद पेटला. दारूविरुद्ध याहून जोरकस नाटक मराठीत नाही, असे त्यांचे मत.

मी विरोध केला, कारण हे नाटक मी माझ्या गावी पाहिलेले आहे. तळीराम रंगमंचावर आला की शिट्ट्या पडत, माईकवरून दहा-वीस रुपयांची बक्षिसे पुकारली जात; आणि सुधाकरचा संसार धुळीला मिळून सिंधूचे हाल सुरू झाले, तेव्हा अर्धा मांडव चहाच्या गाड्यावर उभा होता. पुढे गावातल्या पोरांनी आपल्या 'बसणाऱ्या' टोळक्याला 'आर्य मदिरा मंडळ' हेच नाव दिले. सनद गेलेल्या वकिलाच्या हाती पहिला प्याला देणारा माणूस लोकांना सर्वांत लाडका वाटतो, हे मला फार खुपते.

अथणीकडे द्राक्षबाग असलेला आमचा मित्र म्हणाला, "मास्तर, काळ बदलला. आता लोक वाईन घेतात, आणि वाईन म्हणजे काही दारू नव्हे." महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचे हितच पुढे केले गेले होते, आणि विरोधामुळे तो बारगळला याचे त्याला अजून वाईट वाटते. त्याची कळकळ खरी आहे. पण अथणीचा बहुतेक माल बेदाण्याचा, थॉमसन जातीचा, आणि वाईनला लागतात शिराझ, काबर्ने अशा वेगळ्या जाती. बाजार वाढला तरी त्याच्या बागेला त्यातून काय मिळणार, या माझ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही.

औषधाचे दुकान चालवणाऱ्या मित्राने मात्र खिशातल्या बिलाच्या पाठीवर हिशेबच मांडला. व्हिस्कीची १८० मिलीलीटरची क्वार्टर, मद्यार्क ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ७७ मिलीलीटर शुद्ध मद्यार्क. वाईनची ७५० मिलीलीटरची बाटली, साडेबारा टक्क्यांची, म्हणजे जवळजवळ ९४. एकट्याने पूर्ण बाटली संपवली, तर क्वार्टरपेक्षा जास्तच पोटात जाते. वाईन सौम्य असते हे खरे, पण प्रमाण पिणाऱ्याच्या हातात असते. शिवाय सुरक्षित म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, हेही त्याने जोडले.

यावर मास्तर कायद्याकडे वळले. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे पाकिटातून मिळणारी स्वस्त देशी दारू, बंद झाली, पाकिटे गेली, याचे त्यांना समाधान होते. पण ज्यांना ती परवडत होती, त्यांच्यासाठी ९० मिलीलीटरचे व्हिस्कीचे खोके दुकानात आले, हे त्यांनाही मान्य करावे लागले. आमच्या गल्लीत पगाराच्या संध्याकाळी दुकानासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या दृष्टीने पाकीट आणि खोके यांत फरक तो किती? त्यांतली एक चपला हातात घेऊन, अनवाणी, रस्त्याच्या कडेला नवऱ्याची वाट पाहत असते. घरी नेण्याआधी त्याच्या खिशातले उरलेले पैसे काढून घेता यावेत, एवढ्यासाठी. हे दृश्य पडद्यावर क्वचितच येते, कारण सिनेमावाल्यांना दारुड्या एक तर हसवायला हवा असतो, नाही तर विरहात झुरायला.

शेवटी मी एवढेच विचारले, "तळीरामाच्या बायकोचे नाव काय?" कट्ट्यावर आम्ही सहा जण, सगळ्यांनी नाटक पाहिलेले. तळीरामाचे संवाद चार जणांना पाठ होते. नाव एकालाही आठवेना.

बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "गीता." मग वहीत पात्रांच्या यादीत सर्वांत वर लिहिलेले तळीरामाचे नाव त्यांनी खोडले आणि गीतेच्या कामासाठी कोण मिळेल, याची चौकशी सुरू केली.